वंशसंहार अभ्यासविषयक दृक्‌श्राव्य संग्रहाचे मूल्यमापन

विद्यापीठीय ग्रंथालयातील माहितीपट, वाचलेल्यांच्या साक्षी, ध्वनिमुद्रणे आणि स्ट्रीमिंग सामग्री वंशसंहाराच्या अध्यापनाला व संशोधनाला कितपत पुरते, हे तपासण्याची पद्धत. नुसती शीर्षकसंख्या येथे हमखास फसवते.

पहिले काम व्याप्ती ठरवण्याचे. ‘जेनोसाइड’ (वंशसंहार) हा कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांचा शब्द १९४४ मध्ये छापील स्वरूपात आला. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहारविरोधी करारात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय व धार्मिक गट आहेत. राजकीय गट नाहीत. कराराची व्याख्या काटेकोर लावली तर कंबोडियातील १९७५–७९ च्या, मुख्यतः राजकीय कारणांवरून झालेल्या बहुतांश हत्यांवरील सामग्री मोजायची की नाही, असा पेच पडतो. निर्णय कोणताही घ्यावा, पण मोजणीआधी लेखी घ्यावा. मराठीत ‘नरसंहार’ हा शब्द कोणत्याही सामूहिक कत्तलीला वापरतात. मराठी शीर्षकांबाबत ही गल्लत आधीच सोडवावी.

यादी करताना खरी अडचण तालिकेत (ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये) येते. ‘जेनोसाइड’ एवढाच शब्द शोधला तर निम्मे काम राहून जाते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीने केलेल्या नोंदींत ज्यूंचा संहार ‘होलोकॉस्ट, ज्यूइश’ या शीर्षकाखाली असतो, आर्मेनियनांचा जुन्या नोंदींत ‘मॅसकर्स’ म्हणून, तर रवांडाचा ‘सिव्हिल वॉर, १९९४ – ॲट्रॉसिटीज’ म्हणून. ड्युई वर्गीकरणातही विषय विखुरतो: ३०४.६६३, ३६४.१५१, ९४०.५३१८ आणि देशोदेशींचे इतिहासाचे वर्गांक. त्यातच अनेक ठिकाणी डीव्हीडी दाखल क्रमांकाने, म्हणजे ग्रंथालयात आल्या त्या क्रमाने, लावलेल्या असतात, त्यामुळे कपाट चाळूनही विषय सापडत नाही. दाखल नोंदवही आणि तालिका समोरासमोर ठेवावी लागते.

मोजणी शीर्षक, नग आणि तास अशी तिहेरी करावी. ‘शोआ’ (१९८५) हा होलोकॉस्टवरील नऊ तासांहून मोठा माहितीपट एक शीर्षक, पण अनेक तबकड्या. उलट ५५,००० हून अधिक साक्षी असलेले ‘व्हिज्युअल हिस्टरी अर्काइव्ह’ तालिकेत एकाच ओळीत मावते. ते वेगळ्या तक्त्यात दाखवावे, नाहीतर बाकीचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. घटनावार तक्ता केला की बहुधा होलोकॉस्टचे पारडे जड दिसते आणि आजच्या नामिबियातील हेरेरो-नामा संहाराचे (१९०४–०८) जवळपास रिकामे. हा असमतोल अंशतः बाजारातील उपलब्धतेचा असतो. सगळा दोष निवडसमितीचा नव्हे. रवांडासाठी तर चित्रपटांपेक्षा ध्वनी मोलाचा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम या रवांडातील नभोवाणी केंद्रावरील चिथावणी हा तेथील संहाराचा कळीचा पुरावा आहे, पण ‘माध्यम’ म्हणजे चित्रफीत असे गृहीत धरणारी तपासणी तो वगळते.

यानंतर प्रत्येक नग चालवून पाहावा: सुरुवात, मध्य, शेवट. व्हीएचएस फितींचा रंग व आवाज उतरतो, आणि जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यापासून यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. डीव्हीडींना विक्रीच्या प्रदेशानुसार संकेत असतो, म्हणून अमेरिकेतून मागवलेली प्रदेश-१ ची डीव्हीडी भारतातील प्रदेश-५ च्या यंत्रावर अडते. उपशीर्षकांची भाषा नोंदवावी. स्ट्रीमिंगच्या परवान्याची मुदत पाहावी. दोन-तीन वर्षांचा परवाना संपला की अभ्यासक्रमातील दुवा मरतो आणि तक्रार सत्राच्या मध्यावर येते. वर्गात दाखवण्याचा हक्क आणि जाहीर प्रदर्शनाचा हक्क वेगळे. परिसंवादासाठी दुसरा लागतो.

मग अभ्यासक्रमांच्या याद्यांशी ताळा घालून संग्रहाची खोली मोजणाऱ्या कॉन्स्पेक्टसच्या ० ते ५ मापावर पातळी द्यावी. पदवी-पदव्युत्तर अध्यापनाला ३, पीएच.डी. संशोधनाला ४ अपेक्षित धरतात. ही पातळी ग्रंथपाल स्वतःच देतो, त्यामुळे ती सहसा फुगते; विषयाच्या प्राध्यापकाने स्वतंत्रपणे दिलेली पातळी शेजारी लिहिणे उपयोगी.

देवघेवीचे आकडे निर्लेखनासाठी (संग्रहातून नग बाद करण्यासाठी) एकटे वापरू नयेत, कारण वर्गात दाखवलेली तबकडी चाळीस जण पाहतात आणि नोंद एकच होते. बदली प्रत मिळेपर्यंत जुनी फीत बाद करू नये. विद्यापीठात झालेल्या एखाद्या साक्षीदाराच्या भाषणाचे स्थानिक ध्वनिमुद्रण असेल तर संमतिपत्र शोधून त्याचे सर्वांत आधी डिजिटल रूपांतर करावे. त्याची दुसरी प्रत जगात कुठे नसण्याचीच शक्यता जास्त.