हायड्रेंजिया ठेंगणं हवं, तर वाण बघून निवडा

हायड्रेंजियाचं झुडूप खिडकीच्या चौकटीला टेकलं, की हात आपसूक कात्रीकडे जातो. हिवाळा सरता सरता ते गुडघ्याएवढं छाटलं जातं. पुढे पालवी भरगच्च येते, पण फूल एकही दिसत नाही. खत कमी पडलं, ऊन कमी पडलं, असे तर्क सुरू होतात. खरं कारण मात्र छाटलेल्या काटक्यांच्या ढिगात पडलेलं असतं.

मोठ्या पानांचं हायड्रेंजिया, म्हणजे हायड्रेंजिया मॅक्रोफायला, मूळचं जपानचं. यंदाच्या फुलांची तयारी ते गेल्या वर्षीच करून ठेवतं. दिवस लहान होऊ लागले आणि तापमान साधारण 18 अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं, की फांद्यांच्या टोकांना फुलकळ्या धरतात. त्या अगदी इवल्या असतात, कोंबाच्या आत दडलेल्या. त्यांना जाग यायला पुढे काही आठवड्यांची थंडीही लागते. बारमाही उष्ण हवेत हे झुडूप जगतं, पण फुलायला कुरकुरतं, ते यामुळेच. हिवाळ्यातली ती उघडीबोडकी काटकी पुढच्या बहराची पोटुशी असते, आणि आपण नेमकं तिचंच टोक उडवतो.

म्हणून उंची आवरायची तर ती झुडपाच्या जातकुळीतच कमी असावी. झाडाची उंची बरीचशी दोन पेरांमधल्या अंतरावर ठरते आणि ते अंतर वाढवण्यात जिबरेलिन या संप्रेरकांचा मोठा हात असतो. ठेंगण्या वाणांत पेरं जवळजवळ असतात. पानं, फुलं भरपूर, पण सारं आटोपशीर. ‘पिया’ हा मॅक्रोफायलाचा असाच एक छोटेखानी वाण.

इथे एक फसगत ठरलेली आहे. फुललेल्या कुंडीत भेट म्हणून मिळणारं टुमदार हायड्रेंजिया जातीने ठेंगणं असेलच असं नाही. व्यावसायिक रोपवाटिकांत त्यावर डॅमिनोझाइडसारखं वाढरोधक फवारतात. ते जिबरेलिन तयार होण्यातच अडथळा आणतं, त्यामुळे रोप बुटकं राहतं. बागेत लावल्यावर औषधाचा असर ओसरतो आणि झुडूप आपल्या मूळ उंचीकडे निघतं. त्यामुळे घेताना रोपाच्या आजच्या आकारावर जाऊ नका. वाणाचं नाव विचारा, पूर्ण वाढीची उंची विचारा, आणि रुंदीही. रुंदी हमखास विसरली जाते. अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटमने 2010 मध्ये आणलेला ‘रुबी स्लिपर्स’ हा ओकसारख्या पानांचा वाण उंचीला मीटरभरच, पण पसरतो जवळपास दीड मीटर.

छाटणीची हौस दांडगी असेल, तर हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा घ्यावं. त्याची फुलं त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांवर येतात, तेव्हा हिवाळ्याअखेर छाटलं तरी बहर बुडत नाही. मूळ जात तीन मीटरच्याही वर जाते. ‘बोबो’ मात्र मीटरभराच्या आतच थांबतो. ऊनही हे मॅक्रोफायलापेक्षा जास्त सोसतं. मॅक्रोफायलाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते. त्याची छाटणी करायचीच तर बहर ओसरल्या ओसरल्या करावी.

हायड्रेंजिया हे नाव डच वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रोनोव्हियसने 1739 मध्ये पाणी आणि पात्र या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून योजलं, ते बियांच्या बोंडाचा घड्यासारखा आकार बघून. झुडपाच्या तहानेलाही ते शोभतं. मुळं उथळ आणि पानं मोठी, त्यामुळे भर दुपारी पानं माना टाकतात. लगेच पाण्याची झारी उचलू नका. मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा पानांतून उडून जाणारं जास्त, एवढाच बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो. आधी मातीत बोट खुपसून पाहा. ओल असेल आणि संध्याकाळी पानं सावरली, तर काही बिघडलेलं नाही. रोज दुपारी पाणी ओतत राहिलं तर मुळं कुजतील. पालापाचोळ्याचं आच्छादन इथे फार उपयोगी पडतं.

आता रंग, आणि मला या झुडपाची भूल पडली ती त्याच्या रंगामुळेच. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातली दलं, असतात. गुलाबी असोत वा निळी, त्यांतलं रंगद्रव्य एकच: डेल्फिनिडिन. आम्लधर्मी मातीत, म्हणजे सामू (pH) साडेपाचच्या खाली असताना, अॅल्युमिनियम विरघळून मुळांवाटे वर चढतं. निदलांत ते रंगद्रव्याशी आणि एका रंगहीन आम्लाशी जोडी जमवतं, आणि निळा रंग उमटतो. सामू साडेसहाच्या आसपास गेला की मातीतलं अॅल्युमिनियम मुळांना मिळेनासं होतं आणि फुलं गुलाबी येतात. शाळेतला लिटमस आम्लात लाल होतो, म्हणून हे उलटं वाटतं. पण इथे माती रंग देत नाही, ती फक्त अॅल्युमिनियमची वाट उघडते किंवा बंद करते.

निळाई हवी तर अॅल्युमिनियम सल्फेट थोडं थोडं पाण्यातून द्यावं. जास्त झालं तर मुळं भाजतात. स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असलेलं खतही टाळावं, कारण स्फुरद अॅल्युमिनियमला बांधून टाकतं. गुलाबी हवी तर मातीत चुना मिसळावा. पांढऱ्या वाणांवर यातलं काहीच चालत नाही, त्यांत बदलायला रंगद्रव्यच नसतं. ठेंगणं झुडूप कुंडीत मावतं, आणि कुंडीभर मातीचा सामू राखणं अख्ख्या वाफ्यापेक्षा कितीतरी सोपं. फक्त नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, असेल तर सामू हळूहळू वर सरकतो आणि निळी फुलं जांभळट होऊ लागतात. तसं दिसलं तर साठवलेलं पावसाचं पाणी घालायला लागा. उमललेली फुलं आहेत तशीच राहतील, फरक दिसेल तो पुढच्या बहरात.