डॉट कॉम की डॉट ऑर्ग? एकाच नावाची दोन वर्डप्रेस

कोडिंग येत नाही पण वेबसाइट काढायची आहे, असं कोणालाही सांगा, ‘मग वर्डप्रेसवर कर’ हा सल्ला ठरलेला. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. शोधायला गेलं की दोन पत्ते समोर येतात, वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग. नाव तेच, गोलातला डब्ल्यूही तोच. नवखा माणूस जो पत्ता आधी दिसेल तिथे खातं उघडतो, एखादा व्हिडिओ लावून त्याबरहुकूम काम करायला बसतो आणि थोड्याच वेळात अडतो. व्हिडिओतला माणूस सांगत असतो की डावीकडच्या मेनूत ‘प्लगिन्स’वर जा आणि नवं प्लगिन, म्हणजे साइटला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम, टाका. याच्या पडद्यावर मात्र त्याच जागी ‘प्लॅन अपग्रेड करा’ अशी पाटी. आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात व्हिडिओ एका वर्डप्रेसचा असतो आणि खातं दुसऱ्या वर्डप्रेसवर.

फरक थोडक्यात असा: डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, डॉट कॉमवर मिळते ती सेवा. पैसे, कटकटी, मोकळीक आणि उद्या साइट दुसरीकडे हलवायची झाली तर काय, हे सगळं या एका फरकातूनच निघतं.

आधी सॉफ्टवेअर आलं. मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी२ नावाच्या जुन्या, बंद पडत चाललेल्या ब्लॉगिंग प्रोग्रॅमवरून मे २००३मध्ये वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. ते जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही उतरवून घ्यावं, वापरावं, बदलावं, पुढे द्यावं; त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. डॉट ऑर्ग हे या सॉफ्टवेअरचं ठिकाण. तिथून एक झिप फाइल उतरते, पण ती आपल्या लॅपटॉपवर नुसती उघडून काही होत नाही. आत पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम असतो. त्याला चालायला सर्व्हर, म्हणजे इंटरनेटला कायम जोडलेला संगणक, लागतो आणि मजकूर साठवायला मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीसारखा डेटाबेस. ही जागा होस्टिंग कंपनीकडून घ्यायची. बहुतेक कंपन्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एका क्लिकवर वर्डप्रेस बसवायची सोय असते, त्यामुळे झिप फाइल हातात घ्यायची वेळ फारशी कोणावर येत नाही.

डॉट कॉम आलं २००५मध्ये. मलनवेग यांनीच काढलेली ऑटोमॅटिक ही कंपनी ते चालवते. वर्डप्रेसचं तेच सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःच्या सर्व्हरवर बसवून ठेवलेलं आहे. आपण फक्त खातं उघडायचं आणि लिहायला लागायचं. सर्व्हर, डेटाबेस, सुरक्षा प्रमाणपत्र, अपडेट यांची नावंही ऐकायची गरज नाही. म्हणजे आतलं इंजिन दोन्हीकडे एकच. पान लिहिण्याचा एडिटरही एकच, तो ठोकळे रचत जाणारा ब्लॉक एडिटर, जो डिसेंबर २०१८च्या ५.० आवृत्तीपासून आला. म्हणूनच गोंधळ होतो: दोन्हीकडची लेखनाची खोली हुबेहूब सारखी दिसते, फरक कळतो तो तिथून बाहेर पडल्यावर.

‘दोन्ही फुकट आहेत’ असंही सर्रास सांगितलं जातं. खरं आहे, पण दोन वेगळ्या अर्थांनी. डॉट ऑर्गचं सॉफ्टवेअर फुकट. ते ठेवायची जागा आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, यांचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. डॉट कॉमवर जागाही फुकट मिळते, पण मोफत प्लॅनमध्ये पत्त्याच्या शेवटी ‘डॉट वर्डप्रेस डॉट कॉम’ हे शेपूट राहतं, पानांवर कंपनीच्या जाहिराती दिसतात (त्यांचे पैसे आपल्याला मिळत नाहीत), साठवणुकीला मर्यादा असते आणि प्लगिन टाकता येत नाहीत. शेपूट काढायला पैसे, जाहिराती काढायला पैसे. कोणत्या प्लॅनमध्ये काय मिळतं हे कंपनी अधूनमधून बदलत असते, तेव्हा जुन्या लेखातला तक्ता पाहून ठरवू नये; त्या दिवशीचं किमतीचं पान उघडून बघावं. तिथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. वार्षिक प्लॅनबरोबर पहिल्या वर्षी डोमेन फुकट देतात, दुसऱ्या वर्षापासून त्याचे पैसे सुरू होतात. होस्टिंग कंपन्यांचंही असंच. पहिल्या वेळचा दर मोठ्या अक्षरात आणि नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात.

समजावून सांगताना डॉट कॉम म्हणजे भाड्याचं घर आणि डॉट ऑर्ग म्हणजे स्वतःचं घर, ही उपमा फार चालते. मला ती पटत नाही. होस्टिंग हेही भाडंच आहे आणि डोमेनही मुदतीपुरतंच आपलं असतं. एक वर्ष पैसे भरायचे राहिले तर ‘स्वतःचं घर’ही दिसेनासं होतं. खरा प्रश्न मालकीचा नाही. नळ गळायला लागला तर दुरुस्ती कोणी करायची, आणि निघताना सामान नेता येतं का, एवढाच आहे.

दुरुस्तीचं आधी बघू, कारण नवख्याला याचा अंदाज सगळ्यात कमी असतो. स्वतः बसवलेल्या वर्डप्रेसमध्ये तीन थर असतात: मूळ सॉफ्टवेअर, साइटचं रूप ठरवणारी थीम, आणि प्लगिन्स. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले आणि तिन्हींना आपापल्या वेळी अपडेट येणार. मूळ सॉफ्टवेअरच्या छोट्या दुरुस्त्या २०१३च्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप बसतात, तिथे फारशी चिंता नाही. चिंता प्लगिन्सची. डॉट ऑर्गच्या भांडारात हजारो मोफत प्लगिन्स आहेत: संपर्काचा फॉर्म, दुकान, बुकिंग, कॅलेंडर, जे हवं ते. त्यांतली काही मोठ्या कंपन्यांची, काही एकट्यादुकट्याने रात्री बसून लिहिलेली आणि नंतर सोडून दिलेली. वर्डप्रेसच्या साइट हॅक होतात त्या बहुतेक वेळा अशाच जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगिनच्या भोकातून. मूळ सॉफ्टवेअर क्वचितच कारणीभूत असतं. प्लगिन टाकण्याआधी ते शेवटचं कधी अपडेट झालं हे बघायचं. ती तारीख भांडारातल्या त्याच्या पानावर दिलेली असते. दोन वर्षांपूर्वीची असेल तर दुसरं शोधावं. आणि जे वापरत नाही ते नुसतं बंद करून ठेवू नये, काढून टाकावं.

दोन प्लगिन्सचं आपसांत पटलं नाही की साइट कोसळते. पूर्वी अशा वेळी नुसता पांढरा पडदा दिसायचा आणि डॅशबोर्डमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या आतल्या पानावरही, शिरता येत नसे. २०१९च्या ५.२ आवृत्तीपासून रिकव्हरी मोड आला: गंभीर चूक झाली तर साइटच्या अ‍ॅडमिनला ईमेलवर एक दुवा येतो, त्यावरून आत जाऊन दोषी प्लगिन बंद करता येतं. तो ईमेल कोणत्या पत्त्यावर येणार हे सेटिंगमध्ये आत्ताच बघून ठेवलेलं बरं. अनेकांची साइट कोणीतरी ओळखीच्याने उभी करून दिलेली असते आणि तिथे अजून त्याचाच पत्ता असतो!

बॅकअपचंही तसंच. डॉट ऑर्गच्या वर्डप्रेसचा बॅकअप म्हणजे दोन गोष्टी: फाइल्स, त्यातही चित्रं, थीम आणि प्लगिन्स असलेलं ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हे फोल्डर, आणि डेटाबेस, ज्यात सगळा मजकूर असतो. नुसत्या फाइल्स उतरवून ‘झाला बॅकअप’ म्हणणाऱ्याच्या हाती चित्रं लागतात, लेख नाही. शिवाय बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला असेल तर सर्व्हरबरोबर तोही जातो.

डॉट कॉमच्या मोफत प्लॅनमध्ये यातलं काहीच आपल्याकडे नसतं. मोडण्यासारखं काही हातात दिलेलं नाही, म्हणून मोडतही नाही. वरच्या प्लॅनमध्ये प्लगिन्स टाकायची मुभा मिळाली की चित्र बदलतं. सर्व्हर आणि मूळ सॉफ्टवेअर कंपनी सांभाळते, पण आपण टाकलेल्या प्लगिनने घोळ घातला तर तो आपलाच. तिथून पुढे दोन वर्डप्रेसमधलं अंतर बरंच कमी होतं, हे मान्य करायला हवं.

आता निघण्याचं. इथे वर्डप्रेसची कीर्ती चांगली आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. डॉट कॉमवर ‘टूल्स’मध्ये ‘एक्स्पोर्ट’ म्हटलं की एक एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात लेख, पानं, प्रतिक्रिया, वर्गवारी असतं. चित्रं मात्र नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. नव्या ठिकाणी ही फाइल आत घेताना ‘जोडलेल्या फाइल्सही उतरवून घ्या’ अशी एक चौकट येते. ती टिक केली तर नवी साइट जुन्या साइटवरून चित्रं ओढून घेते. म्हणून चित्रं नव्या जागी दिसल्याची खात्री होईपर्यंत जुनी साइट बंद करायची नाही. घाईत आधी जुनी पुसली तर लेखांमध्ये चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी उरतात. थीमची मांडणी, विजेट, प्लगिनच्या सेटिंग या फाइलमध्ये येत नाहीत. ते पुन्हा बसवावं लागतं.

याहून मोठी अडचण पत्त्याची. ‘डॉट वर्डप्रेस डॉट कॉम’ शेपटाचा पत्ता कंपनीचा आहे, तो बरोबर नेता येत नाही. चार वर्षं लिहिलेल्या लेखांचे दुवे लोकांनी जिथे जिथे दिले असतील ते सगळे जुन्याच जागी जाणार. तिथून नव्या पत्त्याकडे वळवायची सोय डॉट कॉम देतं, पण पैसे घेऊन. स्वतःचं डोमेन असतं तर फक्त ते कुठे वळवायचं एवढं बदललं की वाचकाला कळतही नाही की साइट हलली. त्यामुळे माझं ठाम मत: सुरुवात डॉट कॉमवर करा, हरकत नाही, पण साइट टिकवायचा विचार असेल तर डोमेन पहिल्या दिवशीच घ्या, आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. प्लॅनवर कंजूषपणा चालेल, इथे नको.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जेटपॅक. हे ऑटोमॅटिकचं प्लगिन बऱ्याचदा होस्टिंगबरोबर आधीच बसवलेलं मिळतं आणि चालू करताना डॉट कॉमचं खातं मागतं. जोडलं की आपली साइट डॉट कॉमच्या डॅशबोर्डमध्येही दिसू लागते. काहींना वाटतं साइट तिकडे गेली. ती कुठेही गेलेली नसते, होस्टिंग कंपनीच्याच सर्व्हरवर असते. या गैरसमजात होस्टिंगचं नूतनीकरण राहिलं तर डॉट कॉमवर दिसणारं नाव काही वाचवत नाही. आपण नक्की कुठे आहोत हे ओळखायची साधी खूण अशी की होस्टिंगची पावती कोणत्या कंपनीकडून येते ते बघायचं.

आणि डॉट ऑर्ग म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य, असाही भाबडा समज नको. सप्टेंबर २०२४मध्ये मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीत वाद पेटला तेव्हा त्या कंपनीचा डॉट ऑर्गचा वापर बंद केला गेला, आणि तिच्या ग्राहकांना डॅशबोर्डमधून नेहमीसारखी प्लगिन्स अपडेट करता येईनात. प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो वापर पूर्ववत करायला सांगितला. सॉफ्टवेअर सगळ्यांचं असलं तरी अपडेट ज्या भांडारातून येतात त्याच्या किल्ल्या कोणाच्या तरी हातात असतात, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळलं.

मग कोणी काय घ्यावं? ज्याला फक्त लिहायचं आहे, आठवड्यातून एखादा लेख, त्याने डॉट कॉम घ्यावं आणि सर्व्हरच्या भानगडीत पडू नये. दुकान, सभासदत्व, बुकिंग असं काही करायचं असेल, किंवा साइटमधून स्वतः जाहिरातींचे पैसे मिळवायचे असतील, तर डॉट ऑर्ग. मात्र महिन्यातून तासभर देखभालीला देणारा कोणीतरी हवा. असा कोणी नसेल तर डॉट ऑर्गची मोकळीक कागदावरच राहते. चार पानांची साइट एकदा करून विसरायची असेल तर विक्स किंवा स्क्वेअरस्पेससारखं साधन याहून सोपं पडेल. फक्त विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येत नाही, हे आधीच मान्य असावं.

पैसे भरण्याआधी हात बसवायचा असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड बघा. खातं नाही, होस्टिंग नाही; ब्राउझरमध्येच अख्खं वर्डप्रेस उघडतं, प्लगिन्स टाकून बघता येतात, थीम बदलता येतात. डॉट ऑर्गचा डॅशबोर्ड आपल्याला झेपतो का, हे अर्ध्या तासात कळेल. फक्त जपून ठेवायचा पर्याय निवडला नसेल तर पान रिफ्रेश केल्याबरोबर सगळं पुसलं जातं, तेव्हा खरा मजकूर तिथे लिहीत बसू नका.