प्रश्न आणि उत्तर यांच्या मधली मिनिटं

सूर्यमालेतला सर्वांत उष्ण ग्रह कोणता?

पुढची ओळ वाचण्याआधी थोडं थांबा आणि मनातल्या मनात एक नाव घ्या. शाळेत शिकलेलं आठवा, नाहीतर सरळ अंदाज बांधा. पण एक नाव पक्कं करा.

अनेकजण बुध म्हणतात. तर्कही सरळ आहे, सूर्याच्या सर्वांत जवळ तोच आहे. पण उत्तर आहे शुक्र. बुधाला वातावरण जवळजवळ नाहीच. दिवसा तिथला पृष्ठभाग 430 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि रात्री उणे 180 अंशांपर्यंत उतरतो, कारण उष्णता धरून ठेवायला काही नाही. शुक्राभोवती मात्र दाट वातावरण आहे आणि त्यात सुमारे 96 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. आत आलेली उष्णता सहजी बाहेर पडत नाही. त्यामुळे शुक्राचा पृष्ठभाग रात्रंदिवस, विषुववृत्तापासून ध्रुवांपर्यंत, साधारण 465 अंशांवर असतो. शिसं वितळायला 327 अंश पुरतात.

आता गंमत अशी, की ज्यांनी मघाशी खात्रीने ‘बुध’ म्हटलं, त्यांच्या डोक्यात ‘शुक्र’ अधिक घट्ट बसण्याची शक्यता आहे. तसं का होतं, ते पुढे येईलच.

रोज सकाळी ओळखीच्या-अनोळखी माणसांच्या समूहात सामान्य ज्ञानाचा एक प्रश्न टाकणारी माणसं जगभर आहेत. बहुतेकांना हा वेळ घालवायचा विरंगुळा वाटतो. स्मृतीवर झालेलं संशोधन पाहिलं तर त्याहून बरंच काही त्यात घडत असतं, आणि माझ्या मते या उद्योगातली सर्वांत मोलाची गोष्ट प्रश्नही नाही आणि उत्तरही नाही. ती आहे दोघांच्या मधली वेळ, जेव्हा वाचणारा आपल्याच डोक्यात शोधाशोध करत असतो. प्रश्नाखालीच उत्तर लिहून टाकलं की नेमकी तीच वेळ नाहीशी होते.

या शोधाशोधीची ताकद दाखवणारा एक प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे वाचायला दिले. एक सूर्याबद्दल होता, दुसरा समुद्री पाणमांजरांबद्दल. एक उतारा त्यांनी पुन्हा एकदा वाचायचा होता. दुसऱ्या उताऱ्याच्या बाबतीत पुन्हा वाचन नाही, तर कोरा कागद घेऊन आठवेल ते लिहून काढायचं, आणि चूक की बरोबर हेसुद्धा कुणी सांगणार नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणं सरस ठरलं, 81 टक्के विरुद्ध 75. पण ज्यांची चाचणी आठवड्याने घेतली, त्यांच्यात चित्र उलटं झालं. पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातलं 42 टक्के आठवलं आणि एकदा आठवून लिहिलेल्या उताऱ्यातलं 56 टक्के.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असं वाटतं? वारंवार वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता आणि त्यांनाच कमी आठवलं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ते ओळखीचं वाटणं म्हणजेच आपल्याला येतं, असा समज होतो. प्रश्न हा समज तिथल्या तिथे तपासून पाहतो. ‘हे मला माहीत होतं’ असं उत्तर वाचल्यावर म्हणणं आणि उत्तर वाचण्याआधी ते सांगता येणं, यात फार अंतर आहे.

बरं, पण आठवलंच नाही तर? उत्तर कधी ठाऊकच नव्हतं, तर डोकं खाजवून उपयोग काय? उपयोग आहे. नेट कॉर्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं, की आधी प्रयत्न करून चुकलेलं आणि मग लगेच खरं उत्तर कळलेलं, हे नुसतं उत्तर वाचण्यापेक्षा चांगलं लक्षात राहतं. म्हणजे चुकीचा अंदाज वाया जात नाही. तो अंदाज बांधताना आपण त्या विषयाभोवतीची सगळी माहिती जागी करतो, आणि खरं उत्तर आलं की त्याला चिकटायला जागा तयार असते.

आता शुक्राकडे येऊ. जॅनेट मेटकॅफ आणि ब्रॅडी बटरफील्ड यांनी 2001 मध्ये सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराबद्दल खात्री किती, हेही नोंदवून घेतलं. खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर मनातून निघणं अवघड, असं कुणालाही वाटेल. निघालं उलटंच. ज्या चुका खात्रीने केल्या होत्या, त्या दुरुस्त होण्याचं प्रमाण जास्त होतं. कारण आश्चर्य. ‘अरे, हे कसं काय?’ असं झालं की लक्ष तिथे एकवटतं. पुढच्या एका प्रयोगात बरोबर उत्तर दाखवताना मागे अगदी हळू आवाज वाजवले आणि ते ऐकू आले का, हे पाहिलं. खात्रीने चुकलेल्या माणसांच्या कानांवरून ते आवाज जास्त वेळा निसटले. सगळं लक्ष समोरच्या उत्तरानं ओढून घेतलं होतं.

याला एक तितकीच महत्त्वाची पुस्ती आहे. अँड्र्यू बटलर, लिसा फाझिओ आणि एलिझाबेथ मार्श यांनी 2011 मध्ये दाखवलं, की दुरुस्त झालेल्या या चुका आठवड्याभरात परत डोकं वर काढू शकतात. खरं उत्तर विसरलं की जुनी, खात्रीची चूक पुन्हा पुढे येते. एकदा सांगून भागत नाही ते यासाठी.

प्रश्न किती अवघड असावा, हा रोज प्रश्न काढणाऱ्याला पडणारा नेहमीचा पेच. त्यावर 2009 मधल्या एका अभ्यासाचं उत्तर मला फार पटतं. मिन जियोंग कांग, कॉलिन कॅमेरर आणि सहकाऱ्यांनी लोकांना सामान्य ज्ञानाचे प्रश्न दिले आणि उत्तराची खात्री किती, उत्सुकता किती, हे विचारलं. उत्तर पक्कं माहीत असेल तर उत्सुकता कमी, हे साहजिक आहे. पण अजिबात गंध नसेल तरीही ती कमीच होती. सर्वांत जास्त उत्सुकता मधल्या जागी होती, जिथे थोडंसं ठाऊक आहे पण नक्की नाही. ‘बुध की शुक्र?’ अशी घालमेल करणारा प्रश्न तिथे बसतो.

अशी उत्सुकता जागी झाली की मेंदूत काय होतं, हे मथायस ग्रुबर, बर्नार्ड गेलमन आणि चरण रंगनाथ यांनी 2014 मध्ये तपासलं. त्यांची रचना सुंदर होती. माणूस स्कॅनरमध्ये पडलेला. समोर प्रश्न येतो आणि उत्तर 14 सेकंदांनी. त्या मधल्या वेळात एका अनोळखी माणसाचा चेहरा पडद्यावर दाखवला जातो, ज्याचा प्रश्नाशी काहीएक संबंध नाही. नंतर अचानक परीक्षा. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती, त्यांची उत्तरं जास्त आठवली, यात नवल नाही. पण त्या उत्सुकतेच्या सेकंदांत दिसलेले चेहरेसुद्धा लोकांनी अधिक चांगले ओळखले. उत्सुकतेच्या काळात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित मध्यमेंदूचा भाग आणि नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस अधिक सक्रिय होते. म्हणजे उत्तराची वाट पाहणारा मेंदू आजूबाजूचंही टिपून घेत असतो. एका साध्या प्रश्नाच्या वाट पाहण्यात इतकं घडतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

वाट पाहण्याचा एक प्रकार मात्र छळणारा आहे. उत्तर अगदी जिभेवर असतं आणि बाहेर पडत नाही. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी 1966 मध्ये यावर पहिला नेटका प्रयोग केला. दुर्मीळ शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवायच्या आणि शब्द विचारायचा. एक व्याख्या समुद्रावरून सूर्य-ताऱ्यांची कोनीय उंची मोजणाऱ्या नौकानयनाच्या उपकरणाची होती. उत्तर होतं सेक्स्टंट. अडकलेल्यांपैकी कुणाला होकायंत्र आठवे, कुणाला त्याच्यासारखा ध्वनी असलेला भलताच शब्द. शब्द सापडत नव्हता, तरी त्याचं पहिलं अक्षर लोक अर्ध्याहून अधिक वेळा बरोबर सांगत होते. अर्थ एका वाटेने आठवतो आणि ध्वनी दुसऱ्या, हे यातून दिसलं.

अशा वेळी जितकं जास्त झगडू तितकं चांगलं, असं समजू नये. एमी बेथ वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांनी 2008 मध्ये काहींना या अवस्थेत 10 सेकंद ठेवलं, काहींना 30 सेकंद, आणि मग उत्तर सांगितलं. दोन दिवसांनी तेच प्रश्न विचारले, तर जास्त वेळ अडकलेले त्याच शब्दावर पुन्हा अडकण्याची शक्यता जास्त होती. ‘जिभेवर आहे हो!’ असं कुणी कळवलं, तर त्याला पहिलं अक्षर देऊन टाकणं चांगलं. शब्द त्याचा त्यालाच सापडेल.

आता प्रश्न टाकणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल. चार पर्यायांचे प्रश्न लोकप्रिय आहेत, कारण त्यांना उत्तर देणं सोपं जातं. पण चारांतले तीन पर्याय खोटे असतात आणि वाचणारा तेही वाचतो. रोडिगर आणि मार्श यांनी 2005 मध्ये दाखवलं, की बहुपर्यायी चाचणीनंतर लोक त्यातलेच चुकीचे पर्याय नंतर खरी उत्तरं म्हणून देऊ लागतात, आणि पर्याय वाढवले की हा धोकाही वाढतो. उपाय सोपा आहे. बरोबर उत्तर आवर्जून सांगायचं. बटलर आणि रोडिगर यांच्या 2008 च्या प्रयोगात तेवढ्याने हा दुष्परिणाम बराच घटला. पर्याय देऊन उत्तर गुलदस्त्यात ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी नव्या प्रश्नाकडे वळणं, हे मात्र खरंच अपायकारक आहे. उत्तराला थोडा उशीर चालेल, पण ते यायलाच हवं.

चुकीची माहिती पुन्हा पुन्हा समोर येणं किती घातक, याचा पुरावा 1977 पासून आहे. लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि टॉमस टॉपिनो यांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने विधानं वाचायला दिली. काही खरी, काही खोटी, आणि त्यातली काही दर वेळी तीच. पुनरावृत्ती झालेली विधानं, खरी असोत वा खोटी, अधिकाधिक खरी वाटत गेली. ज्याला खरं माहीत आहे तो तरी सुरक्षित असेल ना? फाझिओ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांच्या यादीतलं एक विधान असं होतं, की स्कॉटलंडचे लोक घालतात त्या आखूड, चुण्यांच्या घागऱ्याला साडी म्हणतात. खरं उत्तर ठाऊक असलेल्या लोकांवरही अशा विधानांच्या पुनरावृत्तीचा परिणाम झाला. ज्ञान असूनही आपण दर वेळी ते वापरत नाही. सोपं, ओळखीचं वाटलं की मान डोलावतो.

मात्र खऱ्या उत्तराची पुनरावृत्ती व्हायलाच हवी. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं होतं, की विसरणं सुरुवातीला भरभर होतं आणि मग मंदावतं. मग तोच प्रश्न परत कधी विचारावा? निकोलस सेपेडा, हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 1350 हून अधिक लोकांना इंटरनेटवरून सामान्य ज्ञानाच्या अपरिचित गोष्टी शिकवल्या. काहींची उजळणी त्याच दिवशी झाली, काहींची साडेतीन महिन्यांनी, तर बाकीच्यांची या दोन्हींच्या मध्ये कधीतरी. शेवटची चाचणी उजळणीनंतर काहींची आठवड्याने, काहींची जवळजवळ वर्षाने. चाचणी आठवड्याने असेल, तर एका दिवसाने केलेली उजळणी उत्तम ठरली. चाचणी 35 दिवसांनी असेल, तर 11 दिवसांनी केलेली. आणि 350 दिवसांनी असेल, तर सुमारे तीन आठवड्यांनी. समूहाला वर्षभर लक्षात राहावं असं वाटत असेल, तर आजचा प्रश्न साधारण तीन आठवड्यांनी, थोडा शब्द बदलून, पुन्हा यायला हवा. ‘हा तर झालाय!’ अशी तक्रार येईल. येऊ द्यावी, आणि त्यांनाच उत्तर विचारावं.

प्रश्न परत आणताना उत्तर अजून तेच आहे का, हेही तपासावं लागतं. आफ्रिकेतला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा देश 2011 पर्यंत सुदान होता. त्या वर्षी 9 जुलैला दक्षिण सुदान वेगळा झाला आणि उत्तर अल्जीरिया झालं. शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या मार्च 2025 मध्ये 128 नव्या चंद्रांची भर पडून 274 झाली. जुन्या प्रश्नसंचांत ती कितीतरी कमी आढळेल.

आणि काही उत्तरं तर जग न बदलता बदलतात. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? थिओफिलस पेंटर यांच्या 1923 मधल्या मोजणीनंतर तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांतलं उत्तर 48 होतं. स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी सुधारित पद्धतीने पसरवून मोजल्या आणि 1956 मध्ये जाहीर केलं, की ती 46 आहेत. त्यांनी आपल्या निबंधात एक नोंदही केली. त्यांच्याआधी इतर तीन संशोधकांनी गर्भाच्या यकृतातल्या पेशींवर असंच काम सुरू केलं होतं आणि ते तात्पुरतं बाजूला ठेवलं होतं, कारण काही केल्या त्यांना 48 गुणसूत्रं सापडत नव्हती.