शेअर बाजारावरील आपत्तींचे परिणाम

भूकंप, पूर, वादळ, साथ, युद्ध, घातपात अशा अनपेक्षित आघातानंतर समभागांच्या किमती, उलाढाल व चढउतारांची तीव्रता यांत होणारे बदल. अर्थशास्त्रात अशा घटनेला ‘बाह्य आघात’ म्हणतात, कारण तिचा उगम बाजारातील व्यवहारांत नसतो. ही व्याख्या फारशी काटेकोर नाही. भूकंप निःसंशय बाहेरचा. युद्धाची चाहूल मात्र बाजाराला बहुधा आधीच लागलेली असते आणि काही अंशी ती किमतींत उतरलेलीही असते.

आघाताने किमती तीन वाटांनी बदलतात. भावी नफ्याचे अंदाज खाली येतात आणि धोक्यापोटी गुंतवणूकदार जास्त परतावा मागू लागतात. तिसरी वाट पैशाच्या टंचाईची. नुकसानभरपाई, कर्जफेड किंवा तारण यांसाठी रोकड लागते आणि जे विकता येईल ते विकले जाते. ही तिसरी वाट पहिल्या दिवशी सहसा दिसत नाही. तरी आपत्तीमागून आलेली मोठी आर्थिक अरिष्टे प्रामुख्याने तिनेच आलेली आहेत.

परिणाम मोजण्याच्या रूढ पद्धतीस ‘घटना-अभ्यास’ म्हणतात. तिचा आरंभ काही लेखक जेम्स डॉली यांच्या १९३३ मधील समभाग-विभाजनाच्या पाहणीत मानतात. तिला आजचे रूप मात्र १९६८-६९ मध्ये रे बॉल व फिलिप ब्राउन, तसेच यूजीन फामा व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून आले. आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक होय. घटनेपूर्वीच्या काळात समभाग बाजाराबरोबर कसा हलत होता ते पाहून अपेक्षित परतावा काढतात आणि प्रत्यक्ष परताव्यातून तो वजा करतात. उरलेला फरक घटनेच्या खाती मांडला जातो. मोठ्या आपत्तीत ही रीत अडखळते, कारण ज्या निर्देशांकावरून अपेक्षित परतावा काढायचा तोच आघाताने हललेला असतो. शिवाय प्रत्येक मोठ्या हालचालीमागे मोठी बातमी असतेच असे नाही. डेव्हिड कटलर, जेम्स पोटर्बा व लॉरेन्स समर्स यांनी १९८९ मध्ये अमेरिकी बाजारातील ५० सर्वांत मोठे दैनिक चढउतार तपासले, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच दिवशी तोलामोलाची बातमी आढळली नाही.

सर्वाधिक वाद झालेले उदाहरण १८ एप्रिल १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाचे. हानी ३५ ते ५० कोटी डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १.३ ते १.८ टक्के, असे अंदाज आहेत. बहुतांश नाश भूकंपाने नव्हे तर नंतर काही दिवस पेटत राहिलेल्या आगीने झाला. या फरकाला बाजाराच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. विमापत्रे आगीची होती, भूकंपाची नव्हती. त्यामुळे दावे देय ठरले आणि त्यांचा मोठा वाटा ब्रिटिश कंपन्यांवर पडला. चलनाचे मूल्य सोन्याशी बांधलेल्या सुवर्णप्रमाणाच्या त्या काळात भरपाई म्हणजे लंडनहून सोन्याची रवानगी. साठा राखण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने ऑक्टोबर १९०६ मध्ये आपला दर ४ वरून ६ टक्क्यांवर नेला आणि अमेरिकी हुंड्या (मुदतीने पैसे देण्याची वचनपत्रे) स्वीकारण्यात हात आखडता घेतला. मे १९०७ च्या सुमारास अमेरिकेत मंदी सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये बँकेप्रमाणे ठेवी घेणाऱ्या निकरबॉकर ट्रस्ट कंपनीवर ठेवीदारांची झुंबड उडाली आणि न्यूयॉर्कचा बाजार कोसळला.

या अरिष्टाचे मूळ कशात, याविषयी मतभेद आहेत. जुन्या विवेचनांत तांब्याच्या समभागांतील फसलेली कोंडी (समभाग एकहाती गोळा करून भाव चढवण्याचा डाव), ट्रस्ट कंपन्यांवरील ढिले नियंत्रण आणि सुगीच्या दिवसांत न्यूयॉर्कमधून आतल्या भागात जाणारा पैसा यांवर भर होता. केरी ओडेल व मार्क वाइडेनमायर यांनी २००४ मध्ये भूकंप, विमा, सोने व व्याजदर ही साखळी मांडली. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. तांब्याची कोंडी ठिणगी ठरली असेल. पण वर्षभर आवळत गेलेल्या पैशाचा खुलासा तिच्यातून होत नाही, भूकंपाच्या साखळीतून होतो.

जपानमधील कोबे भूकंप १७ जानेवारी १९९५ ला झाला. तोक्यो बाजाराचा निक्केई निर्देशांक एक हजाराहून अधिक अंकांनी घसरला तो २३ जानेवारीला. या घसरणीने ब्रिटनची बेअरिंग्ज बँक बुडाली असे सर्रास लिहिले जाते. ते अपुरे आहे. बँकेचे सिंगापूरमधील व्यवहार पाहणारे निक लीसन यांनी छुप्या खात्यात दडवलेला तोटा १९९४ च्या अखेरीसच २० कोटी पौंडांच्या वर गेला होता. भूकंपानंतर निक्केई वधारेल यावरची पैज त्यांनी वाढवली आणि तो ८० कोटींपलीकडे गेला. ११ मार्च २०११ चा तोहोकू भूकंप तोक्यो बाजार बंद होण्यास अवघी १४ मिनिटे असताना झाला. शनिवार-रविवारनंतर, १४ मार्चला निक्केई ६.२ टक्के पडला. भूकंपात हानी झालेल्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या बातम्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी १०.५५ टक्क्यांची भर घातली. जपानवर संकट आले असताना येन मात्र वधारला, कारण जपानी विमाकंपन्या परदेशांतील पैसा मायदेशी आणतील अशी अटकळ होती. १९०६ चे सोने आणि २०११ चा येन यांमागचा विचार एकच. अखेर १८ मार्चला जी-७ देशांनी एकत्रितपणे येन विकून त्याला आवर घातला.

मनुष्यहानी आणि घसरण यांचा मेळ बसत नाही, आणि ही गोष्ट नोंदवताना जड जाते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत सुमारे सव्वादोन लाख माणसे मेली, इंडोनेशियातील आचे प्रांताचा किनारा पुसला गेला. जकार्ताचा निर्देशांक मात्र वर्षअखेरीस १००० च्या आसपास, तेव्हाच्या उच्चांकाजवळ होता. मेलेले मच्छीमार, मोडलेल्या होड्या आणि विमा नसलेली घरे कोणत्याही नोंदणीकृत कंपनीच्या ताळेबंदात नव्हती.

विमाकंपन्यांच्या समभागांबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. कॅलिफोर्नियातील १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर ते वधारल्याचे आढळले. विम्याची मागणी व हप्ते वाढतील ही अपेक्षा त्यामागे असावी. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात मात्र फ्लोरिडात जोखीम घेतलेल्या कंपन्यांचे भाव पडले.

बाजार बंद ठेवणे हा जुना उपाय. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताना न्यूयॉर्कचा बाजार चार महिन्यांहून अधिक काळ बंद होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर तो १७ तारखेस उघडला आणि तेथील डाउ जोन्स निर्देशांक त्या दिवशी ७.१ टक्के घसरला. १९८७ च्या पडझडीनंतर ठरावीक घसरणीस व्यवहार थांबवणारे ‘सर्किट ब्रेकर’ आले. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत ते चार वेळा लागू झाले.

दुष्काळासारख्या संथ आपत्तींवरील संशोधन तुलनेने थोडे आहे. दुष्काळाला पहिला दिवस नसतो, म्हणून घटना-अभ्यासाच्या चिमटीत तो सापडत नाही. हॅरिसन हाँग व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ३१ देशांतील अन्नप्रक्रिया कंपन्यांचे समभाग तपासले. जेथे दुष्काळाचा कल वाढत होता तेथे त्यांचा पुढील परतावा कमी निघाला. कोरडी होत जाणारी जमीन वर्षानुवर्षे मोजली जात होती, आकडे सर्वांसमोर होते, तरी भावांत ते वेळेवर उतरले नाहीत.