पिल्लू गेलं, ढोलीही गेली

कृष्णाकाठच्या वडांवर संध्याकाळी पोपटांचा कलकलाट ऐकला की वाटतं, पोपट काही कमी झालेले नाहीत. पण नुसत्या कलकलाटावरून अंदाज बांधला की फसगत होते. पोपट दीर्घायुषी आहे. पिंजऱ्यात तर तो २५-३० वर्षंही जगतो. पिंजऱ्यात पाळायला पिल्लं चोरणाऱ्यांनी गावातल्या सगळ्या ढोल्या ओळीनं चार-पाच वर्षं लुटल्या तरी जुने पक्षी असतातच, आणि थवा भरलेला दिसतो. ते म्हातारे होऊन मरू लागले की थवा झपाट्यानं ओसरतो.

मोजायचंच तर पावसाच्या तोंडावर मोजावं. त्या वर्षीची पिल्लं मादीसारखी दिसतात, पण त्यांची शेपटी आखूड असते. नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ यायला जवळजवळ ३ वर्षं लागतात. जूनच्या थव्यात आखूड शेपट्या दिसेनाशा झाल्या, तर वीण वाया गेली असं खुशाल समजावं.

आपल्या नेहमीच्या पोपटाची, म्हणजे राघूची, वीण साधारण जानेवारी ते एप्रिल. सुतार किंवा तांबट पक्ष्यानं कोरलेली, नाहीतर फांदी मोडून कुजलेली ढोली तो चोचीनं रुंद करून घेतो. मादी ३-४ अंडी एक-दोन दिवसांआड घालते आणि सगळी होण्याआधीच उबवू लागते. त्यामुळे एकाच ढोलीत एका पिल्लाचे डोळे उघडलेले, तर दुसरं अजून उघडंबोडकं, असं दिसतं. अंडं २२-२४ दिवसांत फुटतं आणि पिल्लू पुढे ६-७ आठवडे ढोलीतच असतं.

चोरी होते ती या मधल्या काळात. हात आत जात नाही म्हणून कुऱ्हाडीनं ढोलीचं तोंड मोठं करतात, नाहीतर फांदीच उतरवतात. पिल्लं तर जातातच, पण खरा घाव बसतो ढोलीला. रुंद तोंडातून पाऊस आत शिरतो, साप-मांजराला वाट मिळते. जोडपं बहुधा दर वर्षी त्याच ढोलीकडे परततं, म्हणून चोरालाही नवं झाड शोधावं लागत नाही. रस्ता रुंदीकरणात सातारा-सांगलीतले कितीतरी जुने वड-आंबे गेले. जी झाडं उरली, तिथल्या एकेका ढोलीचं मोल त्यामुळेच फार वाढलं आहे.

नेलेली सगळी पिल्लं जगत नाहीत. पिसं पुरती येईपर्यंत त्यांना अंगची ऊब राखता येत नाही. भरवायची पेज ३९-४० अंश सेल्सिअस असावी लागते. थंड पेज गळ्याखालच्या अन्नपिशवीत साचून आंबते, फार गरम असली तर पिशवी भाजते, आणि घाईनं ओतली तर श्वासनलिकेत जाते. दूध पोपटाला पचत नाही, तरी दूध-पोळी घरोघरी दिली जाते! जगलेला पोपट ‘विठू विठू’ म्हणतो, पण जंगलाच्या लेखी तो मेलेलाच. त्याची पुढची वीण होत नाही.

खांद्यावर लाल डाग असलेल्या थोराड करण पोपटाला बाजारात जास्त मागणी, आणि तोच जगभरात संकटाच्या उंबरठ्यावर नोंदलेला आहे. कोयना-चांदोलीच्या जंगलात निळ्या पंखांचा पोपट राहतो. तो पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही, त्यामुळे तिथली एकेक ढोली मोलाची.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आपल्याकडचा कोणताही रानपोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. बजरी आणि कॉकटील हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे पक्षी. त्यांना हा नियम लागू नाही. विकणारे याचाच आडोसा घेतात.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर आधी वर ढोली शोधा आणि त्याला परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकून देतात, हा गैरसमज आहे. पिल्लू जखमी असेल, किंवा घरात पंख छाटलेला पोपट असेल, तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. छाटलेली पिसं पीसझडीनंतरच नवी येतात. तोवर त्याला बाहेर सोडणं म्हणजे मांजराच्या तोंडी देणं.

ढोलीचं झाड तोडलं गेलं असेल तर लाकडी पेटी लावता येते. तळ २२ सेंमी चौरस, खोली ५० सेंमी, भोक ७ सेंमी. आतून रंधा मारू नका, रंगही नको. खडबडीत फळीला धरूनच पिल्लं वर चढतात. तळाशी ५ सेंमी लाकडाचा भुसा घाला. पेटी ४-५ मीटर उंचीवर, डिसेंबर संपायच्या आत टांगा. साळुंक्याही तिच्यावर हक्क सांगतील, म्हणून एकाच झाडावर दोन पेट्या लावा.