अंधारकोठडीतला कॅमेरा

स्पेनच्या आरागॉन प्रांतातलं आयेर्बे हे गाव. तिथल्या शाळेत व्रात्य पोरांना अंधाऱ्या खोलीत कोंडत. पुढे मेंदूचा शास्त्रज्ञ झालेल्या सांतियागो रामोन इ काहाल याच्या वाट्याला ही शिक्षा वारंवार येई. एकदा आत बसल्या बसल्या त्याला छतावर माणसं आणि जनावरं चालताना दिसली. रंगांसकट, पण डोकं खाली, पाय वर! खिडकीच्या फटीतून बाहेरचा चौक आत उतरला होता. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून बारीक फटीतून येताना वरचे किरण खाली पडतात आणि खालचे वर. शिक्षेच्या खोलीत त्याला कॅमेरा सापडला.

पुढे 1868 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, वेस्का शहरात त्याने फोटो 'धुताना' पाहिला. कोऱ्या दिसणाऱ्या काचेवर रसायन ओतताच चेहरा उमटला! प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षाराच्या कणावर चांदीचे मोजके अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपर, म्हणजे वर ओतलेलं रसायन, मात्र नेमके तेच कण गाठून त्यांची काळी चांदी करतो. या अदृश्य चित्राने काहाल यांना कायमचं झपाटलं.

डॉक्टर झाल्यावर ते फोटो टिपण्याच्या जिलेटिन-ब्रोमाइडच्या काचा घरीच बनवू लागले. बाजारात त्या महाग होत्या. पत्नी सिल्वेरिया मदतीला असे. पळत्या बैलाचंही चित्र टिपता येईल इतक्या त्या काचा जलद होत्या.

माझ्या मते त्यांच्या मेंदूसंशोधनाचं मूळ इथेच आहे. 1887 मध्ये माद्रिदला त्यांनी इटालियन शास्त्रज्ञ गोल्जी यांच्या पद्धतीने रंगवलेला मेंदूचा काप पाहिला. तिथेही चांदीच! सिल्व्हर क्रोमेटने मोजक्याच पेशी काळ्या होत, त्यामुळे प्रत्येक पेशी सुटी दिसे. चेतापेशी एकसंध जाळ्यात विणलेल्या नसून स्वतंत्र असतात, हे काहाल यांनी त्यावरून दाखवलं. 1903 मध्ये त्यांनी स्वतःची पद्धत शोधली. त्यात मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये मुरवायचा आणि मग पायरोगॅलॉलने 'डेव्हलप' करायचा. हे पायरोगॅलॉल म्हणजे फोटोग्राफरचंच रसायन. 1906 चं नोबेल त्यांना गोल्जी यांच्यासोबत मिळालं.

रंगीत छायाचित्रणावर 1912 मध्ये पुस्तक लिहिणारा हा माणूस चेतापेशी मात्र हातानेच काढत असे. सूक्ष्मदर्शकात जाड कापाचा एका वेळी एकच थर स्पष्ट दिसतो आणि पेशीच्या फांद्या तर वर-खाली पसरलेल्या. फोटोत त्यातल्या निम्म्या धूसर झाल्या असत्या. म्हणून काहाल स्क्रू फिरवत एकेक थर पाहत आणि अख्खी पेशी कागदावर उतरवत.