देणाऱ्यांची सरासरी की सगळ्यांची?

‘गरीब माणूस कमाईतला वाटा श्रीमंतापेक्षा जास्त दान करतो’ हे वाक्य मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्यामागचा हिशोब तपासून घ्यावासा वाटतो. ‘ज्यांनी दिलं त्यांनी सरासरी किती दिलं’ आणि ‘त्या गटातल्या सगळ्यांचं मिळून किती पडलं’ हे प्रश्न वेगळे आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला सर्रास चिकटवलं जातं.

समजा, वर्षाला २ लाख कमावणारी १० घरं आहेत. तिघांनी प्रत्येकी ८,००० रुपये दिले, बाकीच्यांनी काहीच नाही. दुसरीकडे २० लाखांची १० घरं, त्यातल्या नवांनी प्रत्येकी ४०,००० दिले. देणाऱ्यांपुरतं पाहिलं तर पहिल्या गटाचा वाटा ४ टक्के, दुसऱ्याचा २. आता न देणारी घरंही छेदात घ्या. २० लाखांवर २४,००० म्हणजे १.२ टक्के, २ कोटींवर ३,६०,००० म्हणजे १.८ टक्के. एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही आणि क्रम उलटला.

गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक आठवा. स्थळप्रतींवर नावं असतात ती देणाऱ्यांचीच. ज्या दारावरून कार्यकर्ते रिकाम्या हाताने परतले, ते घर तिथे नसतंच. गल्लीची सरासरी काढायची तर घरांची यादी हवी.

अमेरिकेत यावरूनच मोठा वाद झाला. उत्पन्नानुसार दानाच्या टक्केवारीचा आलेख दोन्ही टोकांना वर आणि मधे खाली, असा इंग्रजी ‘यू’सारखा निघत होता. पॉल शेर्विश आणि जॉन हेवन्स या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं, की न देणारी कुटुंबं धरली की गरिबांच्या बाजूचा उंचवटा ओसरतो.

माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी छापावेत, आणि सोबत किती टक्के घरांनी दिलं तेही. वरच्या उदाहरणात ३० टक्के घरं आणि ९० टक्के घरं, खरी गोष्ट तिथे आहे.

आपल्याकडे प्राप्तिकराच्या विवरणपत्रांवरून मोजायला गेलं तर पावतीपुस्तकाचाच दोष येतो. नव्या करप्रणालीत देणगीवरची, ‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी वजावट नाही, जुनीतही २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. म्हणजे दिलेलं असूनही ते विवरणपत्रात दिसेलच असं नाही.

आणि ‘शून्य’ लिहिलेल्या त्या सात घरांना कृपण म्हणू नका. त्यातल्याच एखाद्या घरातून शेजारच्या बाळंतिणीला महिनाभर डबा गेलेला असतो. त्याची पावती कोणी फाडत नाही.